सगळा दोष धुळीचा?

जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी १४ एप्रिल १९३९ रोजी प्रकाशित झाली. त्याच्या बरोब्बर चार वर्षं आधी, १४ एप्रिल १९३५ ला, अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात त्या दशकातलं सगळ्यात भयंकर धुळीचं वादळ आलं होतं. रविवारची दुपार होती आणि भरदुपारी काळोख झाला. हाताचा पंजा दिसेना. त्या दिवसाला आजही ‘ब्लॅक संडे’ म्हणतात. त्यानंतर लगेच असोसिएटेड प्रेसच्या रॉबर्ट गायगर या वार्ताहराने पाठवलेल्या बातमीत ‘डस्ट बोल’ हे शब्द आले आणि त्या सगळ्या भागाला ते नाव कायमचं चिकटलं.

(१४ एप्रिल ही तारीख आपल्याला वेगळ्याच कारणाने पाठ असते, त्यामुळे हा योगायोग माझ्या डोक्यात पक्का बसला.)

तारखा जुळल्या हा योगायोग. पण लोकांच्या आठवणीतही या दोन गोष्टी अशाच एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. कुणालाही विचारा, ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ कशाबद्दल आहे? उत्तर साधारण असं येतं: १९३०च्या दशकात मंदी होती, ऑक्लाहोमात धुळीची वादळं आली, शेतं उडून गेली आणि बिचारे शेतकरी जुन्या गाडीत संसार बांधून कॅलिफोर्नियाला गेले.

हे उत्तर अगदीच खोटं नाही. पण एकदा नकाशा उघडून बघाच. कादंबरीतलं जोड कुटुंब राहतं सॅलिसॉ या गावाजवळ. सॅलिसॉ हे खरंखुरं गाव आहे, ऑक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, आर्कान्सा राज्याच्या सीमेजवळ. आणि डस्ट बोलचा गाभा कुठे? तर ऑक्लाहोमाच्या पश्चिमेला जी चिंचोळी पट्टी नकाशात तव्याच्या दांड्यासारखी बाहेर आलेली दिसते तिथे, आणि तिला लागून असलेल्या कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्ससच्या भागात. त्या पट्टीतल्या बॉइझ सिटीपासून सॅलिसॉ सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास मुंबई ते नागपूर. सॅलिसॉकडे पाऊसही त्या पट्टीच्या दुपटीहून जास्त पडतो. पश्चिमेला गव्हाची शेती, पूर्वेला कापसाची. म्हणजे ज्या कुटुंबाला अख्खं जग डस्ट बोलचे निर्वासित म्हणून ओळखतं, त्यांचं गाव डस्ट बोलमध्ये नव्हतंच!

आता कुणी म्हणेल, कादंबरी आहे, लेखकाने घेतलं थोडं स्वातंत्र्य. बरोबर आहे. पहिल्याच प्रकरणात स्टाइनबेकने धूळ आणली आहे आणि ती ज्या ताकदीने आणली आहे ती वाचून विसरता येत नाही. शिवाय १९३४ आणि १९३६ चे दुष्काळ पूर्व ऑक्लाहोमालाही बसले होते. माझा मुद्दा स्टाइनबेकची भूगोलातली चूक काढण्याचा नाही. मुद्दा असा की धूळ नसेल तर मग ही माणसं गाव सोडून का गेली? आणि त्याचं उत्तर शोधायला लागलो की गोष्ट हवामानाची राहत नाही, कागदपत्रांची होते.

*

आधी कापसाचा भाव बघू. १९२९ साली अमेरिकेत शेतकऱ्याला कापसाचा भाव पौंडाला १७ सेंटच्या आसपास मिळत होता. १९३१ साली तो ६ सेंटच्याही खाली गेला. दोन वर्षांत एक तृतीयांश. पाऊस चांगला पडला तरी या भावात कर्ज फिटणं शक्य नव्हतं. उलट चांगलं पीक आलं की माल वाढून भाव आणखी पडणार. (हे दुष्टचक्र मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी.)

दुसरी गोष्ट जमिनीच्या मालकीची. ऑक्लाहोमात १९३०च्या दशकात दर दहा शेतकऱ्यांपैकी सहा जण कुळं होती. त्यांची स्वतःची जमीन नव्हती. त्या भागातला एक नेहमीचा रिवाज म्हणजे धान्याचा तिसरा हिस्सा आणि कापसाचा चौथा हिस्सा मालकाला द्यायचा. ज्याच्याकडे स्वतःची खेचरं-अवजारंही नाहीत तो अर्धेलीवर, म्हणजे अर्धं पीक मालकाचं. करार बहुधा एका वर्षाचा, तोही पुष्कळदा तोंडी. कादंबरीतल्या जोड कुटुंबाचंही हेच झालेलं आहे. आजोबांच्या वेळी जमीन स्वतःची होती, मग कर्ज, मग बँक, आणि शेवटी त्याच जमिनीवर वाटेकरी.

आता तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी. ती सरकारच्या चांगल्या हेतूची आहे.

१९३३ च्या मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि मे महिन्यात शेतीसाठी एक कायदा आला, अ‍ॅग्रिकल्चरल अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट, थोडक्यात ‘ट्रिपल ए’. कल्पना सोपी होती. माल जास्त आहे म्हणून भाव पडलाय. तेव्हा शेतकऱ्यांना पैसे देऊन कमी पेरायला लावा, भाव आपोआप वर येईल. त्या वर्षीचा कापूस तोवर शेतात उभा होता, म्हणून सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला सरकारने पैसे दिले. आणि भाव खरंच सुधारला. कागदावर योजना यशस्वी!

पण पैसे कुणाला मिळणार? करार जमीनमालकाशी होता. कुळाला त्याचा वाटा मिळावा अशी तरतूद होती, पण तो वाटा मुळात लहान आणि तो वाटायचा मालकाने. त्यात आणखी एक मेख होती. आधी ४० एकरांत कापूस होता आणि आता २५ एकरांतच पेरायचा, तर उरलेल्या १५ एकरांवरच्या कुळाचं काय करायचं? ते घरात राहिलं तर त्याला वाटा द्यावा लागणार. ते गेलं तर सगळे पैसे मालकाचे. मग कामाच्या दिवसांत रोजंदारीवर माणसं आणायची, वेचणी झाली की परत पाठवायची.

हे होणार हे सरकारला दिसत नव्हतं असं नाही. १९३४-३५ च्या कापूस करारात सातवं कलम त्यासाठीच होतं. मालकाने शक्यतो पूर्वीइतकीच कुळं जमिनीवर ठेवावीत असा त्याचा आशय. आता प्रश्न असा की ‘पूर्वीइतकीच’ म्हणजे काय? आकडा तेवढाच हवा, की माणसंही तीच हवीत? आकडाच हवा असेल तर मालक उद्या संघटना करणाऱ्या किंवा हिशेब विचारणाऱ्या कुळाला काढून त्याच्या जागी दुसरं गरीब कुटुंब बसवू शकतो. आर्कान्सामधल्या टायरॉन्झा इथे जुलै १९३४ मध्ये काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन केली होती, आणि त्यांच्या सभासदांना नेमकं असंच हाकललं जात होतं.

खात्यातल्या जेरोम फ्रँक यांच्या हाताखालच्या तरुण वकिलांनी अर्थ लावला की माणसंही तीच ठेवली पाहिजेत. खात्याचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांनी तो अर्थ धुडकावला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक यांच्यासकट त्या गटाला नोकरीवरून काढून टाकलं. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी संमती दिली. दक्षिणेकडच्या कापूसवाल्या राज्यांतले खासदार नाराज झाले तर पुढची सगळी बिलं अडकणार, हे त्यामागचं गणित.

आमच्या धंद्यात स्पेसिफिकेशनमधली एक ओळ संदिग्ध राहिली की पुढे काय रामायण होतं हे मी पाहिलंय. पण तिथे फार तर रिलीज पुढे जातो. इथे त्या एका ओळीवर हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून होतं, आणि ती ओळ कुठे, कशी वाचली जातेय हे त्या कुटुंबांना कळायला मार्गच नव्हता.

आणि शेवटी ट्रॅक्टर. सरकारी पैसे हातात आल्यावर अनेक मालकांनी ट्रॅक्टर घेतले. एक ट्रॅक्टर कित्येक कुळांचं काम करतो. ‘ट्रॅक्टर्ड आउट’ असा शब्दप्रयोगच त्या काळात रूढ झाला, म्हणजे ट्रॅक्टरने हुसकावलेले. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ पॉल टेलर आणि त्यांची पत्नी, छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी याच काळात कापसाच्या पट्ट्यात फिरून फोटो आणि मुलाखती गोळा केल्या. त्यांच्या १९३९ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’ या पुस्तकात हे सगळं आहे.

गंमत म्हणजे हे सगळं स्टाइनबेकला नीट माहीत होतं. कादंबरीचं पाचवं प्रकरण वाचा. मालकांची माणसं गाडीतून येतात आणि कुळांना सांगतात की आता जा. कूळ बंदूक घेऊन ट्रॅक्टरसमोर उभं राहतं, तर ट्रॅक्टर चालवणारा ओळखीच्याच घरातला मुलगा निघतो. तो रोज तीन डॉलर मिळतात म्हणून हे काम करतोय. त्याला मारून उपयोग नाही, त्याच्या जागी दुसरा येईल. मग कुणाला मारायचं? बँकेच्या माणसाला? त्याला वरून हुकूम येतो. वरचा कोण? तो पूर्वेकडे कुठेतरी. अशी ती साखळी वर वर जाते आणि टोकाला माणूसच सापडत नाही. कस्टमर केअरला फोन करून ‘हे आमच्या डिपार्टमेंटकडे येत नाही’ हे वाक्य ज्याने पाच वेळा ऐकलंय, त्याला हे प्रकरण वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. फरक एवढाच की इथे पणाला घर लागलेलं आहे.

म्हणजे कादंबरीत धूळ पहिल्या प्रकरणात आहे, आणि कारण पाचव्यात. लोकांच्या लक्षात पहिलं राहिलं.

*

आता कोण किती गेले ते बघू. १९३०च्या दशकात ऑक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा आणि मिसुरी या चार राज्यांतून तीन लाखांहून जास्त माणसं कॅलिफोर्नियात गेली. १९४० च्या जनगणनेत ‘१९३५ साली तुम्ही कुठे राहत होतात’ असा एक प्रश्न होता. इतिहासकारांसाठी तो खजिनाच ठरला. जेम्स ग्रेगरी यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात हे आकडे मांडले. खऱ्याखुऱ्या डस्ट बोलमधून कॅलिफोर्नियात आलेल्या लोकांची संख्या १६ हजारांपेक्षा कमी भरली, म्हणजे त्या भागातून आलेल्यांच्या जेमतेम ६ टक्के. डस्ट बोलमधले बहुतेक शेतकरी धूळ खात तिथेच टिकून राहिले. जे गेले त्यांत सगळे शेतकरीही नव्हते. छोट्या गावांतले, शहरांतले, तेलविहिरींवर काम करणारे असे पुष्कळ होते, आणि त्यातले बरेच थेट लॉस एंजेलिसला गेले. आधीच्या दशकातही लाखो लोक याच वाटेने गेले होते. फक्त तेव्हा नोकऱ्या होत्या, म्हणून त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही.

पण जे शेतमजूर म्हणून सॅन वॉकीन खोऱ्यात, म्हणजे कर्न, टुलारे या काउंट्यांत पोचले, त्यांचे हाल कादंबरीत आहेत तसेच झाले. तिथे लहान शेतकरी म्हणजे ‘आपला गाववाला’ असा प्रकार फारसा नव्हता. शेकडो, हजारो एकरांचे मळे, फळं, द्राक्षं, कापूस, आणि वर्षातून काही आठवडेच लागणारे भरमसाट मजूर. पीक तयार झालं की माणसं हवीत, आणि पीक निघालं की ती दिसायलाही नकोत.

कादंबरीत एक फाटका माणूस जोड मंडळींना हँडबिलाचं गणित समजावून सांगतो. मालकाला हवीत आठशे माणसं. तो पाच हजार पत्रकं छापतो. ती वीस हजार लोक वाचतात. त्यातले दोन-तीन हजार तरी निघतात. ते पोचले की मजुरी कमी करायला मालकाला वेगळं काही करावंच लागत नाही. पोरं उपाशी असलेला माणूस स्वतःच कमी भावाला तयार होतो.

याचा खरा इतिहास मजुरांनी आधीच भोगला होता. ऑक्टोबर १९३३ मध्ये सॅन वॉकीन खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या सुमारे १८ हजार मजुरांनी संप केला. शंभर पौंड कापूस वेचायला मालक ६० सेंट देत होते, मजुरांना एक डॉलर हवा होता. पिक्सली या गावात निःशस्त्र संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. शेवटी ७५ सेंटवर तडजोड झाली. या संपातले बहुसंख्य मजूर मेक्सिकन होते, हे लक्षात ठेवा. त्याकडे परत यायचंय.

बाहेरून येणाऱ्या या गोऱ्या अमेरिकन लोकांना कॅलिफोर्नियात ‘ओकी’ म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखा वापरत. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस प्रमुख जेम्स डेव्हिस यांनी तर कमालच केली. आपल्या शहराचे १३६ पोलीस शेकडो मैल दूर राज्याच्या सीमेवर १६ नाक्यांवर नेऊन उभे केले, आणि ज्यांच्याकडे पैसे दिसत नाहीत त्यांना परत पाठवायला सुरुवात केली. स्वतःच्याच देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला बंदी! हा प्रकार काही आठवड्यांत गुंडाळावा लागला. पण गरीब माणसाला राज्यात आणणं हा गुन्हा ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियात होताच. फ्रेड एडवर्ड्स नावाच्या माणसाने आपल्या बेकार मेव्हण्याला टेक्ससहून गाडीतून आणलं म्हणून त्याला शिक्षा झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला.

*

स्टाइनबेक या सगळ्यात कसा आला? तो कॅलिफोर्नियातल्याच सॅलिनसचा, जन्म १९०२ चा. १९३६ साली ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या वर्तमानपत्राने त्याला स्थलांतरित मजुरांवर लेख लिहायला सांगितलं. त्याने जुनी गाडी घेतली आणि खोऱ्यात फिरला. सरकारने आर्विन गावाजवळ मजुरांसाठी एक स्वच्छ छावणी उघडली होती, तिला ‘वीडपॅच’ म्हणत. तिचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स. छावणीचा कारभार मजुरांची निवडलेली समिती बघायची. कॉलिन्स दर आठवड्याला वर पाठवायच्या अहवालात लोकांची भाषा, गाणी, भांडणं, खाणं सगळं लिहून ठेवायचा. स्टाइनबेकने ते अहवाल वापरले, आणि कादंबरी ज्या दोघांना अर्पण केली त्यातला एक हा टॉम. (दुसरी लेखकाची बायको कॅरल. कादंबरीचं नाव तिनेच सुचवलं आणि हस्तलिखित टाइपही तिनेच केलं.)

ऑक्टोबर १९३६ मध्ये सात लेख छापून आले. १९३८ च्या सुरुवातीला व्हिसेलियाजवळ पूर आला. हजारो मजूर कुटुंबं पाण्यात आणि उपाशी. स्टाइनबेक तिथे जाऊन राबला. मग आधी लिहिलेलं एक उपहासात्मक पुस्तक त्याने नष्ट केलं आणि त्या उन्हाळ्यात साधारण शंभर दिवसांत ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहून काढली. १९४० साली तिला पुलित्झर मिळालं. १९६२ साली स्टाइनबेकला नोबेल मिळालं.

ज्या कर्न काउंटीत जोड मंडळी काम शोधत फिरतात, तिथल्या पर्यवेक्षक मंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी ती सरकारी ग्रंथालयांतून आणि शाळांतून काढायचा ठराव केला. ग्रेचेन नीफ या ग्रंथपाल बाईंनी, म्हणजे मंडळाच्याच नोकरीत असलेल्या बाईंनी, लेखी विरोध केला. बेकर्सफील्डमध्ये एका बड्या शेतमालकाने आपल्याच मजुराच्या हातून पुस्तक जाळून फोटो काढून घेतला. तो मजूरही बाहेरूनच आलेला होता, आणि त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं. बंदी १९४१ साली उठली.

आता थोडी उलट बाजू. स्टाइनबेकच्या त्या सात लेखांत एक सूर आहे जो आज खटकतो. त्याचा युक्तिवाद असा की आधी इथे चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो मजूर होते. ते परके, त्यांना दडपता आलं, हाकलता आलं. पण हे नवे लोक जुन्या अमेरिकन रक्ताचे आहेत, ते असं जगणं सहन करणार नाहीत. (त्या आधीच्या मजुरांत आपले पंजाबी शीखही होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून.) त्याने आधीच्यांवरचा अन्याय लपवला नाही, पण कादंबरी लिहिली ती गोऱ्यांची. त्या काळात लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना दबाव टाकून मेक्सिकोला पाठवलं जात होतं. त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. त्याबद्दल कॅलिफोर्नियाने कायदा करून माफी मागितली, ती २००५ साली.

लँगने मार्च १९३६ मध्ये निपोमोला काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. गालाला हात लावलेली आई आणि दोन्ही बाजूंना तोंड फिरवलेली मुलं. हाही फोटो डस्ट बोलचा म्हणूनच फिरतो. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, मूळची चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. आणि ती कॅलिफोर्नियात आली होती १९२६ साली, धुळीच्या कितीतरी आधी. तिचं नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं.

आणखी एक नाव सॅनोरा बॅब. ती याच छावण्यांत कॉलिन्सबरोबर काम करत होती. तिची टिपणं कॉलिन्सकडून स्टाइनबेककडे गेली असं सांगितलं जातं. ती स्वतःही कादंबरी लिहीत होती, आणि ती खरोखरच डस्ट बोलच्या भागात वाढलेली होती. रँडम हाउसच्या बेनेट सर्फ यांना तिची कादंबरी आवडली, पण १९३९ मध्ये ‘ग्रेप्स’ इतकी खपली की याच विषयावर दुसरी आता चालणार नाही म्हणून ती बाजूला ठेवली गेली. ‘हूज नेम्स आर अननोन’ या नावाने ती २००४ साली आली. बॅब तेव्हा ९७ वर्षांची होती. पुस्तकाचं नाव घेतलंय जागा खाली करायच्या कायदेशीर नोटिशीतून. ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांना, अशी ती नोटीस.

*

मग या सगळ्याने बदललं काय?

ओकी लोकांचे दिवस पालटले ते युद्धामुळे. जहाजबांधणी आणि विमानांच्या कारखान्यांत माणसं हवी होती, ती तिकडे गेली. रिकाम्या झालेल्या शेतांत ऑगस्ट १९४२ पासून ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून करारावर मजूर आणले गेले, ते १९६४ पर्यंत. म्हणजे जोड कुटुंब त्या चिखलातून बाहेर पडलं, पण चिखल तसाच राहिला.

कारण तो कायद्यातच होता. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकन कामगारांना युनियन करायचा हक्क दिला, पण शेतमजूर वगळून. त्याच वर्षीचा सामाजिक सुरक्षा कायदा, शेतमजूर वगळून. १९३८ चा किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा, तोही शेतमजूर वगळून. पुन्हा तेच दक्षिणेकडच्या खासदारांचं वजन, कारण त्यांच्याकडे शेतात राबणारे बहुतांश काळे होते. कादंबरी आल्यावर सेनेटर ला फॉलेट यांच्या समितीने कॅलिफोर्नियात सुनावण्या घेतल्या, मळेवाल्यांची दंडेली उघड केली, शेतमजुरांना कायद्याखाली आणा असं सुचवलं. तोवर युद्ध सुरू झालं होतं. अहवाल पडून राहिला.

किमान वेतन शेतमजुरांपर्यंत पोचलं १९६६ च्या दुरुस्तीने. त्याच्या एक वर्ष आधी, ८ सप्टेंबर १९६५ ला, डिलेनो गावात लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप केला. काही दिवसांत सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात सामील झाली. चावेझ यांच्या कुटुंबानेही १९३०च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅरिझोनातली जमीन गमावली होती आणि ते कॅलिफोर्नियात मजुरीला आले होते. संप पाच वर्षं चालला, देशभर लोकांनी त्या मळ्यांच्या मालावर बहिष्कार घातला, आणि जुलै १९७० मध्ये मालकांनी करारावर सह्या केल्या. पीक कोणतं? द्राक्षं. काउंटी कोणती? कर्न. जिने पुस्तकावर बंदी घातली होती तीच. हे मी कादंबरीत वाचलं असतं तर जरा जास्तच जुळवून आणलंय म्हटलं असतं.

आठ तासांनंतर ओव्हरटाइम हा हक्क कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना देणारा कायदा २०१६ साली झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. वॅग्नर कायद्यातली ती वगळणारी तरतूद केंद्राच्या पातळीवर आजही तशीच आहे.

म्हणून मला हा धुळीचा मुद्दा नुसता नकाशातला बारकावा वाटत नाही. धूळ म्हटलं की आपण हळहळतो, मदतीचे कपडे गोळा करतो आणि पाऊस पडायची वाट बघतो. धुळीला कुणी जाब विचारत नाही. करारातलं सातवं कलम म्हटलं की ते कुणी लिहिलं, कुणी वाचलं, कुणाच्या सोयीने वाचलं हे विचारावं लागतं. ‘शेतमजूर वगळून’ हे दोन शब्द म्हटले की ते कुणी घातले हे विचारावं लागतं. मंदी, दुष्काळ, मार्केट, ऑटोमेशन हे शब्द आपणही हल्ली हवामानासारखे वापरतो, आकाशातून पडल्यासारखे. त्यात प्रत्येक वेळी खोटं असतं असं नाही. दुष्काळ खरा होता, धूळही खरी होती. पण त्या धुळीत कोण उभं राहिलं आणि कोण गेलं, हे कागदावर ठरलं होतं.

असो. पुस्तक जाडजूड आहे आणि मधली वर्णनाची प्रकरणं उडवून पुढे गोष्टीकडे जायचा मोह होतो. उडवू नका, खरी मेख तिथेच आहे. जॉन फोर्डचा १९४० चा सिनेमाही सुंदर आहे, हेन्री फोंडा त्यात टॉम जोड आहे. फक्त एक लक्षात ठेवा. पुस्तकात त्या चांगल्या सरकारी छावणीनंतर दिवस आणखी वाईट येतात. सिनेमाने क्रम बदलून छावणी शेवटाकडे नेली, म्हणून बघताना जरा बरं वाटतं. आधी पुस्तक वाचा, मग सिनेमा बघा.